वारंगा फाट्याचा हरित जलसा

नांदेडहून निघालेली गाडी वारंगा फाट्यावर थांबली नाही, तर ड्रायव्हरच्या घरी सगळं ठीक आहे ना, अशी शंका प्रवाशांना येते. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावर रस्त्याला दोन तोंडं फुटतात. एक आखाडा बाळापूर, हिंगोली, वाशिम करत अकोल्याकडं जातं. दुसरं उमरखेड, यवतमाळ करत नागपूरकडं. तिसरं तोंड प्रवाशाचं, ते खिचडीकडं वळतं. लग्नाला निघालेलं वऱ्हाडसुद्धा इथं उतरून खिचडी हाणतं, आणि मांडवात पोचल्यावर 'भूक नाही हो, आग्रह नका करू' म्हणत पुन्हा पंगतीला बसतं.

पुण्यात 2010 साली एक संगीत महोत्सव सुरू झाला, एनएच 7 वीकेंडर नावाचा. त्याच्या नावात एक राष्ट्रीय महामार्ग आहे. आमच्या फाट्यावर दोन राष्ट्रीय महामार्ग येऊन मिळतात, 161 आणि 361. महामार्गांच्या हिशेबानं आमचा जलसा पुण्याच्या दुप्पट व्हायला हरकत नाही. जागेची अडचण नाही. हळद निघाली की रानं मोकळीच असतात. माणसं गोळा करायची गरज नाही, ती खिचडीनं आधीच गोळा केलेली आहेत. अडचण एकच. आजकाल नुसता महोत्सव करून भागत नाही, तो पर्यावरणपूरक करावा लागतो. देणगीदार तसं विचारतात म्हणे.

हे मला भाच्यानं सांगितलं. भाचा पुण्यात इव्हेंटवाल्यांकडं नोकरीला आहे. तो नेमकं काय काम करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण गळ्यात ओळखपत्र असतं आणि कानाला सतत फोन, त्यामुळं काम मोठं असावं असा घरात समज आहे. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले नावाच्या इंग्लिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, त्यातल्या एकाला तो जाऊन आला. पुढं सुट्टीला आला तेव्हा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यानं त्याचं साग्रसंगीत निरूपण केलं. या बँडच्या दौऱ्यात म्हणे प्रेक्षकांना नाचायला अशी जमीन असते की तिच्यावर उड्या मारल्या की वीज तयार होते. सायकली असतात, त्या जागच्या जागी मारल्या की बॅटरी भरते. प्रेक्षकांच्या मनगटावर लुकलुकणारे पट्टे बांधतात, तेही वनस्पतीपासून केलेले, आणि जाताना ते परत द्यायचे. कुठल्या शहरानं किती टक्के पट्टे परत केले याची यादी मोठ्या पडद्यावर झळकते, म्हणजे न देणाऱ्या शहराला लाज वाटावी.

टपरीवर शांतता पसरली. मग मंडपवाले मामा म्हणाले, "उड्या मारल्या की लाईट येती?"

"हो, मामा."

"मंग आपल्या हरिपाठाच्या पावल्यांवर अख्खं बाळापूर फिडर चाललं असतं की. कामून कुणी सांगितलं नाही?"

भजनी मंडळाचे एक जुने टाळकरी तिथंच बशीत चहा ओतून बसले होते. त्यांना पट्ट्यांचं अप्रूप वाटलं नाही. सप्ताह संपला की मंडळाचे टाळ मोजून पोत्यात भरायचे हे काम ते वर्षानुवर्षं करतात. "आपल्याला पडदा लागत नाही," ते म्हणाले. "एक जोड कमी भरला की कुणाच्या घरात राहिला ते गावाला ठावं असतं. त्याच्या दारात जाऊन फक्त 'जय हरी' म्हणायचं. आणून देतो."

भाचा मात्र हिशेबाला पक्का निघाला. त्यानं एक गोष्ट सांगितली, ती मला पटली, आणि भाच्याची गोष्ट पटणं हे आमच्या घराण्यात नवीन आहे. "मामा, फेस्टिव्हलचं खरं प्रदूषण स्टेजवर होत नाही, पार्किंगमध्ये होतं." जगात जिथं जिथं मोठ्या महोत्सवांचा कार्बनचा ताळा मांडला गेला, तिथं बहुतेक वेळा हेच निघालं: दिवे, जनरेटर, पत्रावळ्या या सगळ्यांच्या वर प्रेक्षकांचा येण्याजाण्याचा धूर. गायकानं बांबूच्या नळीनं पाणी प्यायलं म्हणून काय होतं? ऐकायला आलेला प्रत्येक जण स्वतंत्र मोटारीत एकटा बसून, एसी लावून, गायकाचीच गाणी ऐकत आला असेल, तर नळीचा उपयोग फक्त फोटोपुरता.

आता हा पार्किंगचा प्रश्न मराठी माणसानं मोटार निघायच्या कितीतरी आधी सोडवून ठेवला आहे. चालत या. वारी हा जगातला एक अवाढव्य संगीत महोत्सवच आहे, फक्त त्याला आपण तसं म्हणत नाही. रोज ठरलेल्या क्रमानं ठरलेले अभंग, दिंडीगणिक वीणा, पखवाज आणि टाळ. गाणारा आणि ऐकणारा एकच, त्यामुळं पास, व्हीआयपी रांग आणि 'आम्ही आयोजकांचे पाहुणे' ही भानगड नाही. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. शेगावची गजानन महाराजांची पालखी तर तिथून निघून आमच्या हिंगोली जिल्ह्यातूनच जाते: सेनगाव, नामदेवांची नर्सी, औंढा नागनाथ. सुमारे सातशे वारकरी, पांढरे कपडे, रांग अशी की शाळेच्या मास्तरांनी मुलांना दाखवायला आणावं. पालखी येण्याआधी गाव रस्ता झाडून ठेवतं आणि पालखी गेल्यावर झाडायला फारसं काही उरत नाही. पुण्यातल्या इव्हेंटवाल्यांनी याला 'झिरो वेस्ट' म्हणून दोन दिवसांची कार्यशाळा घेतली असती, जेवणासह.

अर्थात वारीतही आता सगळं पायी राहिलेलं नाही. दिंडीच्या मागं ट्रक असतो, ट्रकमागं टँकर असतो, आणि त्यामागं रविवारचे वारकरी असतात. हे लोक पहाटे मोटारीनं निघतात, पालखी गाठतात, अष्टगंध लावून दीड किलोमीटर चालतात, फोटो टाकतात आणि दुपारी जेवायला घरी. त्यांच्या दीड किलोमीटरच्या पुण्यामागं दोनशे किलोमीटरचं डिझेल असतं. त्यापेक्षा एसटी बरी. आषाढीला महामंडळ पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडतं. एका लालपरीत पन्नास-साठ माणसं, त्यांच्या पिशव्या, आणि कुणाचं तरी मांडीवरचं पोरगं. या गाडीपुढं कुठल्याही हरित महोत्सवाची वाहतूक योजना फिकी आहे. आमच्या फाट्याच्या जलशाला म्हणून मी पहिला नियम असा सुचवला की एसटीचं तिकीट दाखवेल त्याला पुढची सतरंजी, मोटारीनं येईल त्याला खांबामागची. टपरीवर सर्वांनी माना डोलावल्या. मग ज्यांच्याकडं मोटारी आहेत त्यांनी विचारलं, "खांब कितीक रुंद राहील?"

विजेचा विषय निघाला तेव्हा टाळकरी बुवांना जोर चढला. त्यांचं म्हणणं, खरा महोत्सव विजेवर चालतच नाही. सप्ताहात वीणा सात दिवस, चोवीस तास खाली ठेवायची नाही. पहारे ठरलेले असतात. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घातली की तो मोकळा. पहाटे तीनचा पहारा नेहमी त्यालाच येतो ज्यानं बैठकीला दांडी मारलेली असते. या यंत्रणेला चार्जर नाही. पखवाजाचं तर काय सांगावं! डाव्या पुडीला ओली कणीक थापायची, बोटानं कडेनं सारखी करत थाप मारून बघायची, आवाज पाहिजे तसा घुमला की झालं. जास्त घुमला तर चिमूटभर काढायची. कीर्तन संपलं की कणीक खरवडून गाईला. जगात कुठल्या साउंड सिस्टिमचा बेस गाय खाते, हे भाच्यानं मला गुगल करून सांगावं.

भाचा गप्प बसला, पण कोपऱ्यातला डीजेवाला पोरगा बसेना. त्याच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलेली स्पीकरची भिंत आहे. ती वाजली की टपरीतल्या बशा एकमेकींकडं सरकतात. "आमचाबी बेस इको-फ्रेंडलीच हाय, सर," तो म्हणाला. "पाखरं पयल्या ठोक्यालाच उडून जातात. कुणाला इजा नाही."

इथं कायदा आडवा येतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकारला बारापर्यंत सूट देता येते, आणि ते पंधरा दिवस आपल्याच उत्सवाला मिळावेत यासाठी प्रत्येक गावात एक माणूस मुंबईला जाऊन आलेला असतो. संगीत महोत्सवावर पर्यावरणाच्या कायद्याचा परिणाम काय होतो याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याकडंच आहे आणि तो कुणी मोजत नाही. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. थंडीत शाली गुंडाळून, बटाटेवड्याच्या बळावर लोक पहाट गाठायचे. दहाचा नियम आला आणि रात्रीच्या रागांवर संचारबंदी लागली. आता मालकंसाला शहाण्या मुलासारखं दहाच्या आत घरी यावं लागतं. मला याचं दुःख आहे. पण शेजारच्या इमारतीत आजारी माणूस झोपलेला असताना त्याला मालकंस आवडलाच पाहिजे असा आग्रह धरता येत नाही, हेही खरं. सप्ताहाचं कीर्तन मात्र रात्री नऊला सुरू होतं, महाराज रंगात येतात तेव्हा नेमके दहा वाजतात, आणि भोंगे चारी दिशांना असे बांधलेले असतात की शेजारच्या गावाला सप्ताह न घालताही पुण्य लागावं.

खरी परीक्षा जेवणाची. कुठलाही संगीत महोत्सव घ्या, माणसं ऐकतात दोन तास आणि खातात चार वेळा. गोदावरीकाठच्या सराला बेटाचा श्रावणातला सप्ताह बघावा. तिथं लाखांनी लोक आमटी-भाकरी जेवतात. आमटी जागेवर कढयांतून शिजते. भाकरी मात्र आसपासच्या गावांतून, घराघरांतल्या चुलींवर भाजून, ट्रॅक्टर भरभरून येतात. एवढ्या भाकरी एका जागी करायच्या म्हणाल तर भट्ट्या, गॅस, आचारी आणि आचाऱ्यांचे रुसवेफुगवे यांची वेगळी छावणी लागेल. इथं घरामागं पाच-दहा भाकरी जास्त थापल्या की काम झालं. भाच्याच्या भाषेत याला विकेंद्रित स्वयंपाकघर म्हणतात. गावातल्या बायका याला काही म्हणत नाहीत, त्या भाकरी थापतात. आणि कीर्तनात आभार मानताना मंडपवाल्याचं नाव पहिलं येतं.

पत्रावळ पूर्वी पळसाची. कळमनुरीच्या माळावर पळस काही कमी नाही. पानाला पान जोडून काडीनं टाचलेली, मधोमध जराशी खोलगट. तिच्यावर आमटी वाढून घेणं ही कला होती. जमीन कुठं उतरते ते आधी बघायचं, भात बांधासारखा पुढं ओढायचा, मधे आळं करायचं, वाढप्याला 'थांब' म्हणायची वेळ चुकू द्यायची नाही. चुकलीच तर आमटी शेजारच्याच्या पायजम्याला भेटायची आणि त्यातून दोन घराण्यांची ओळख व्हायची. जेवणं आटोपली की पत्रावळ्या उकिरड्यावर, उरलेलं अन्न जनावरांना. पुढच्या पावसापर्यंत त्यांचं खत.

मग सुबत्ता आली आणि पळस मागास ठरला. चकचकीत, चांदीच्या मुलाम्यासारखी पत्रावळ आली. ती कागदाची म्हणून घ्यायची आणि प्लास्टिकची म्हणून टाकायची. पाण्याचा तांब्या गेला, जगवाला पोऱ्या गेला; बाटली आली. माणूस बाटली उघडतो, दोन घोट घेतो, खाली ठेवतो, शेजाऱ्याशी बोलायला वळतो आणि परत वळल्यावर सारख्या सात बाटल्या बघून आठवी उघडतो. राज्य सरकारनं 23 मार्च 2018 ला प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. असे कायदे फाट्यावरही येतात, खिचडी खातात आणि पुढं यवतमाळकडं निघून जातात.

भाच्याला वाटतं हा आपल्याच लोकांचा दोष. तसं नाही. इंग्लंडात ग्लास्टनबरी नावाचा महोत्सव 1970 पासून मायकल ईव्हिस या दूधवाल्या शेतकऱ्याच्या शेतात भरतो. पहिल्या वर्षी एक पौंड तिकीट आणि वर दूध फुकट. पुढं तिथं दोन लाख लोक येऊ लागले आणि निघताना तंबूच्या तंबू सोडून जाऊ लागले. प्लास्टिकच्या बाटल्यांची विक्री त्यांना 2019 साली बंद करावी लागली. आणखी एक प्रकार झाला. तिथं झाडाझुडपात, ओढ्याकाठी लघवीला बसू नका म्हणून आयोजक कानीकपाळी ओरडतात, लोक ऐकत नाहीत. 2021 साली शास्त्रज्ञांचा एक अहवाल आला की महोत्सवाच्या वेळी शेताशेजारच्या ओढ्यात कोकेन आणि तसल्याच दुसऱ्या नशेचे अंश सापडले, आणि तिथल्या ईल माशांना त्याचा त्रास होऊ शकतो. हे ऐकून टाळकरी बुवांनी हात जोडले. "कयाधू नदीत आपल्या असलं काही नाही, बाबा. आपले मासे सोवळे."

मासे सोवळे असतील, पण काठ नव्हता. लाखोंची वारी एखाद्या छोट्या गावात मुक्काम करून गेली की दुसऱ्या दिवशी त्या गावाला कोणत्या अभंगाची आठवण यायची हे बोलायची पद्धत नव्हती. 2015 च्या सुमारास 'निर्मल वारी' सुरू झाली. मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं आली आणि पहाटे अंधारात स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून 'माउली, इकडं' म्हणू लागले. मोठ्या गायकाला स्टेजवर आणणं सोपं आहे. तांब्या घेऊन ठामपणे शेताकडं निघालेल्या आजोबांना वळवून रांगेत उभं करणं, याला खरं नियोजन म्हणतात. माझ्या मते या देशातला सर्वांत अवघड 'इव्हेंट' त्या पोरांनी पहाटे चार वाजता पार पाडला आहे, तोही 'माउली' या एका शब्दावर.

जलशाची जाहिरात कशी करायची, यावर मात्र टपरीवर एकमत होतं. चाळीस फुटी फ्लेक्स. वर झाड, खाली 'निसर्ग वाचवा', आणि झाडापेक्षा जास्त जागा व्यापून बसलेले तेवीस चेहरे. भाचा कळवळून म्हणाला की फ्लेक्स प्लास्टिकचाच असतो. त्यावर मंडपवाल्या मामांनी दिलेलं उत्तर मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. "फ्लेक्स वाया जात नसतो, भाऊ. हळद शिजवून वाळत कशावर घालतेत, बगितलं का?"

मी बघितलं आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या जिल्ह्यात हंगामात शिजलेली हळद उन्हात पसरलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी खाली जुना फ्लेक्स असतो. पालथा घातला तर ठीक. सुलटा घातला की हळकुंडांच्या मधून कुणाचा तरी जोडलेला हात दिसतो, कुठं अर्धी मिशी, कुठं 'यांच्या वाढदिवसानिमित्त'. पडलेला उमेदवार निदान हळदीला लागतो. जो निवडून येतो त्याचा फ्लेक्स मात्र काढायची हिंमत कुणाची होत नाही. तो जागेवरच फाटतो.

शेवटी भाच्यानं ग्लास्टनबरीची आणखी एक रीत सांगितली. दर काही वर्षांनी ते एक वर्ष महोत्सव भरवतच नाहीत. शेताला विश्रांती. 2026 हे तसं वर्ष. रान पडीक ठेवण्याचं महत्त्व फाट्यावर कुणाला शिकवायला नको होतं, सगळे शेतकरीच. पण एक वर्ष उत्सव नाही, ही कल्पना काही पचेना. "रान पडीक ठेवलं तर कस वाढतो," एक जण म्हणाला, "पण वर्गणी एक साल पडीक ठेवली की पुढच्या सालाला कुणी पावतीच फाडत नाही." यावर जगातल्या कुठल्याच हरित तज्ज्ञाकडं उत्तर नसावं.

तेव्हा आमचा वारंगा फाट्याचा जलसा तूर्त स्थगित आहे. सप्ताह मात्र गावोगावी भरणारच आहेत, त्यांना कुणी थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये. वाचकांना एवढंच सांगणं: पुढच्या पंगतीला जाताना घरून आपलं स्टीलचं ताट आणि तांब्या घेऊन जा. लाज वाटायचं कारण नाही. तुमचे आजोबा तेच करत होते. जाताना एसटीनं जा, आणि ताटावर नाव घातलेलं आहे ना ते नीट बघून घ्या. आमच्या घरात सध्या जे ताट आहे, त्याच्या काठावर परभणीच्या कुण्या अनोळखी कुटुंबाच्या वास्तुशांतीची तारीख आहे. त्यांच्याकडं आमचं ताट असल्यास कळवावं.